धानोऱ्यातून आशिया जाते तेव्हा

आशिया खंडातल्या ज्युनियर मुलींची सायकल शर्यत धानोऱ्यावरून जाणार, ही बातमी आली तेव्हा गावात कुणाचा विश्वासच बसला नाही. धानोऱ्यावरून आजवर गेल्या होत्या त्या मिरचीच्या गाड्या, उसाचे ट्रॅक्टर आणि निवडणुकीच्या तोंडावर एखादा पुढारी, तोही काच खाली न करता. आता म्हणे जपान, कझाकस्तान, थायलंड आणि आणखी कुठकुठल्या देशांच्या पोरी इथून जाणार. नंदुरबारच्या अलीकडच्या मोठ्या मैदानापाशी सुरुवात, धानोऱ्याला वळसा, परत मैदान, असे पाच फेरे. पाचव्या फेऱ्यात मैदानापाशी शेवट.

आणि खरी बातमी पुढेच होती. भारताच्या संघात याच जिल्ह्यातल्या दोन पोरी होत्या. एक धडगावकडच्या पाड्यावरची रविना, आणि दुसरी खुद्द धानोऱ्याची रंजिता. सुपडू पाटलाची रंजी.

सुपडू पाटील कामाला वाघ होता आणि काळजी करण्यात त्याहून मोठा वाघ. दोन वर्षांपूर्वी रंजी सरावाला निघाली असताना गावच्या वळणावर एक शेळी आडवी आली. रंजी पडली, खांद्याजवळचं हाड मोडलं, आणि तो सगळा हंगाम घरात बसून गेला. शेळी होती सुपडूच्या थोरल्या बहिणीची, भिकुबाईची. त्यानंतर महिनाभर सुपडू शेळीला शिव्या देत होता आणि भिकुबाई सायकलीला. भाऊबहिणीचं बोलणं सुरू झालं, पण सुपडूच्या मनातली शेळी काही रस्त्यावरून हटली नाही.

म्हणून त्याचं एकच मागणं होतं. रंजी जिंको की हरो, ते ती आणि तिचे पाय बघून घेतील. पण तिची शर्यत धानोऱ्यात अडता कामा नये, आणि धानोऱ्याच्या लोकांमुळे तर मुळीच नाही. तेवढं झालं की बाप म्हणून आपण सुटलो, असं त्याने मनाशी धरलं होतं.

सरकारी माणसं गावात सांगायला आली, की त्या दिवशी गुरंढोरं बांधून ठेवा. सुपडूने सगळ्यांदेखत जबाबदारी अंगावर घेतली.

"एक शेयी जरी रस्तावर उनी ना, ते तिले नही, तिना धनीले बांधसू," तो चावडीत म्हणाला.

"मन्ही शेयी बांधेल शे," मागून भिकुबाई म्हणाली. "तू तुन्ही जीभ बांध."

शर्यतीच्या आदल्या दिवशी रविनाचे आईबाप धडगावहून जीपमध्ये दाटीवाटीने बसून खाली उतरले. बाज्या आणि रमिलाबाई. मैदानावर पासाशिवाय कुणाला सोडणार नव्हते, म्हणून दोन्ही पोरींना घडवणाऱ्या नवनीत सरांनी त्यांना धानोऱ्यालाच थांबायला सांगितलं होतं. आता गंमत अशी, की बाज्या पूर्वी दोन हंगाम सुपडूच्याच शेतात मिरची तोडायला येऊन गेलेला. ज्याला इतके दिवस "बाज्या, पाटी उचल" म्हटलं, त्याला ओट्यावर खुर्ची देऊन "चहा घ्या" म्हणताना सुपडूची जीभ जरा अडखळली. बाज्याही खुर्चीच्या अगदी कडेला टेकला, जणू खुर्ची कुणी परत मागणार होतं. चहा संपला. शेवटी बाज्यानेच विचारलं, "पाटील, काही काम शे का?"

सुपडूला केवढं बरं वाटलं! "शे ना! चाल."

काम काय, तर कुंपण. शेतात जनावर शिरू नये म्हणून आपल्याकडे काय करतात? बाभळीच्या काट्या तोडून बांधाला लावतात. आजाने तेच केलं, बापाने तेच केलं. मग रस्त्यावर जनावर येऊ नये म्हणून दुसरं काय करणार? सुपडू कोयत्याने येडी बाभूळ तोडत होता आणि बाज्या काट्या ओढून रस्त्याच्या कडेला लावत होता. दोघांची लय अशी जमली की खुर्चीवरचं सगळं अवघडलेपण कुठल्या कुठे पळालं. दिवस मावळेपर्यंत गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना कमरेएवढं काटेरी कुंपण उभं राहिलं. गाव बघायला आलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. धानोऱ्यात इतकं सुबक कुंपण कुणी पाहिलं नव्हतं.

सकाळी शर्यतीच्या एक अधिकारी बाई गाडीतून रस्ता तपासायला आल्या. गळ्यात शिट्टी, हातात वॉकीटॉकी. त्या खाली उतरल्या आणि जागच्या जागी थिजल्या.

"हे काय आहे? कुणी लावलं हे?"

"आम्ही, मॅडम." सुपडूने छाती पुढे काढली. "उंदीरसुद्धा आत येणार नाही."

"अहो, त्या सायकलींचे टायर बोटाएवढे असतात! एवढे काटे रस्त्याला लावून ठेवलेत? आत्ताच्या आत्ता काढा हे सगळं!"

सुपडूचा चेहरा उतरला. पण गाव कामाला लागलं. घाई तर एवढी, की ज्याला जी काटी सापडली ती त्याने ओढली, आणि आपलं शेत ज्या बाजूला त्या बाजूला नेली. म्हणजे डावीकडच्या काट्या रस्ता ओलांडून उजवीकडे गेल्या आणि उजवीकडच्या डावीकडे. बाभूळ अशी फरफटत नेली की ती काय काय सांडत जाते, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही असं नाही. आलं, म्हणून तर बायकांनी खराटे घेऊन रस्ता लख्ख झाडला. तरी सुपडूचं समाधान होईना.

"चपला काढ," तो बाज्याला म्हणाला.

दोघा बापांनी चपला काढल्या आणि रस्त्याच्या दोन्ही कडा अनवाणी तपासल्या. पाय घासत, टाच दाबत, अगदी मन लावून. या टोकाहून त्या टोकाला आणि परत.

"तुले काही लागनं?"

"नई. तुम्हाले?"

"काहीच नही. साफ शे."

आता काय बोलावं! या दोन माणसांचे तळवे कपाशीच्या धसकटांतून आणि डोंगरातल्या दगडांवरून उभा जन्म चाललेले. त्या तळव्यांवर सुई टेकवली असती तर सुई वाकली असती. काटा लागतो की नाही हे तपासायला साऱ्या तालुक्यात यांच्याइतकी नालायक माणसं शोधून सापडली नसती. पण दोघांनी मोठ्या विश्वासाने चपला पुन्हा घातल्या आणि रस्ता साफ असल्याचं जाहीर केलं.

पहिला फेरा आला. पुढे मोटारसायकली, शिट्ट्या, आणि मग रंगीबेरंगी कपड्यांचा एक मोठा झुबका सर्रकन अंगावरून निघून गेला. भिकुबाईने रंजीसाठी झेंडूचा हार आणला होता. तिने तो वर उचलेपर्यंत आशिया वळणापलीकडे पोचली होती.

"व्हयनं? संपनं?" तिने विचारलं.

"आजून चार येळा येतीन, जिजी," सुपडू म्हणाला. रंजी त्याला दिसली होती. भारताचा निळा अंगरखा, खाली घातलेली मान. धानोऱ्यात काही अडलं नव्हतं. त्याचा जीव भांड्यात पडला.

पण तो भांड्यात फार वेळ राहिला नाही. दुसऱ्या फेऱ्यात गावाबाहेर पडता पडता थायलंडची एक पोरगी हात वर करून थांबली. टायर बसला होता. तिसऱ्या फेऱ्यात कझाकस्तानची थांबली, मग एक जपानची. चाकं घेऊन मागून येणाऱ्या गाडीतला मेकॅनिक उतरला आणि त्याने टायरमधून काहीतरी उपटून रस्त्याच्या कडेला फेकलं. सुपडूने जाऊन ते उचललं. पांढरा, ताठ, पेराएवढा काटा. त्याच्याच बांधावरचा.

त्याने तो बाज्यासमोर धरला. बाज्याने आधी काट्याकडे पाहिलं, मग आपल्या पायाकडे. दोघे वाकले आणि हाताने रस्ता चाचपू लागले, पण वळणावर उभे असलेले नवनीत सर धावत आले आणि दोघांना दंडाला धरून मागे ओढलं. "अहो, गाड्या येताहेत! रस्त्यात जाऊ नका आता!"

परक्या देशाच्या पोरी आपल्या दारात आल्या आणि आपण त्यांना काटे टोचले, याची सुपडूला लाज तर होतीच. पण खरं सांगायचं तर त्याच्या डोळ्यापुढे एकच चाक होतं, आणि ते निळ्या अंगरख्याचं होतं.

चौथ्या फेऱ्यात गावाने आरोळी ठोकली. पुढे चारच जणी होत्या, बाकीचा झुबका बराच मागे. आणि चारांतल्या दोन निळ्या! रंजी आणि रविना. ढोलवाल्याने टिपरू उचललं.

तेवढ्यात रंजीने हात वर केला. पुढचं चाक खालच्या अंगाला चेपलं होतं. सायकल डगमगत डगमगत थांबली ती नेमकी सुपडूच्या समोर.

सुपडू धावला. कशाला धावला हे त्यालाही सांगता आलं नसतं. नवनीत सरांनी त्याला मिठीच मारली. "पाटील, हात लावू नका! तुम्ही सायकलीला बोट जरी लावलं तरी ती बाद होईल!"

"मंग गाडी कोठे शे? चाकनी गाडी?"

"मागे आहे. आणखी दोघी पंक्चर आहेत तिथं."

सुपडूने हात पाठीमागे बांधले. आयुष्यात पहिल्यांदा पोरगी समोर अडचणीत होती आणि मदत न करणं हीच मदत होती. रंजीने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती मागे वळून चाकांच्या गाडीची वाट बघत होती.

दोन परदेशी पोरी निघून गेल्या होत्या. तिसरी मात्र थोडं पुढे जाऊन वळली. रविना! तिने सायकल आडवी केली, पुढचं चाक सोडवलं आणि रंजीच्या हातात दिलं.

"धर."

"तू जा ना, रवी! तू चांगली चाललीयेस."

"मैदानावर शेवटची स्प्रिंट कोण मारणार? मी? इथं काय घाट आहे का? लाव लवकर."

दोघींनी मिळून चाक बसवलं. रंजी उडी मारून बसली, उभ्याने पेडल मारत निघाली, आणि वळणाला लागेपर्यंत तिने वेगही घेतला. गाव बेभान झालं. ढोल वाजू लागला. भिकुबाईने हार हवेत फेकला आणि तो ढोलवाल्याच्या डोक्यात पडला.

सुपडू मात्र नाचला नाही. रंजीचं हवा गेलेलं चाक घेऊन रविना रस्त्याच्या कडेला उभी होती. मागचा मोठा झुबका आला आणि तिच्या अंगावरून निघून गेला. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने टायरवरून बोट फिरवलं, काटा शोधला, नखाने उपटला आणि टाकून दिला. रमिलाबाई पदर तोंडाला लावून उभी होती.

सुपडू बाज्याजवळ गेला. त्याला तोंड वर करवेना.

"बाज्याभाऊ," तो म्हणाला. हे 'भाऊ' कधी चिकटलं ते त्याला कळलंही नाही. "काटा मन्हा बांधना शे. मन्ही पोर निंघी गयी, नि तुन्ही आठे उभी ऱ्हायनी. मी तुले काय तोंड दाखाडू?"

बाज्या पोरीकडे बघत होता. "काटी तुम्ही तोडी, वढी मी," तो म्हणाला. "दोघांचं काम शे ते." मग म्हणाला, "आमच्या पाड्यात कुणाचं घर बांधायचं तर सगळे येतात, पाटील. कुणी लाकूड आणतं, कुणी कूड विणतं. घर एकाचंच होतं. रवी काल फोनवर बोलली माले. आज घर रंजीचं शे."

"नि रविनानं कधी?"

"डोंगरातली शर्यत राहील तव्हा. रंजी येईल ना कामाला?"

"येई. नही उनी ते मी येसू. पण काटी नही लावणार."

बाज्या हसला. सुपडूही हसला.

गाडी आली तेव्हा बराच उशीर झाला होता. मेकॅनिकने चाक बसवलं आणि रविना एकटीच निघाली. नवनीत सर म्हणाले, तिने आता शर्यत सोडली तरी कुणी बोट दाखवणार नाही, तिचं काम झालं. पण ती गेली ती सोडण्यासाठी गेल्यासारखी दिसत नव्हती.

पाचव्या फेऱ्याला पुढे तीन जणी आल्या. तिसरी रंजी. गावाने घसा फोडून घेतला. मागून मोठा झुबका गेला, मग गाड्या, मग रुग्णवाहिका, आणि रस्ता मोकळा झाला.

मोकळा झाला म्हणजे गाव त्यावर सांडलं. सुपडूची बायको शीला समोरच्या ओट्यावर मोबाइल धरून बसली होती. त्यात मैदानावरचा शेवट दिसणार होता. सगळे तिच्याकडे धावले. ओटा भरला, पायऱ्या भरल्या, अर्धा रस्ता भरला. सकाळपासून अडकून पडलेल्या मोटारसायकली सुरू झाल्या. एका ट्रॅक्टरने तर तोंड रस्त्यावर काढलंही.

सुपडूही निघाला होता. ओट्याच्या पायरीवर त्याचा एक पाय पडलाही होता. तेवढ्यात त्याची नजर मागे गेली. पलीकडे बाज्या आणि रमिलाबाई दोघंच उभे होते, वळणाकडे डोळे लावून.

सुपडू मागे फिरला आणि रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा राहिला.

"थांबा रे! बाजूले व्हा! आजून एक शे!"

"कोण शे आते?" ट्रॅक्टरवाला म्हणाला. "बठ्ठ्या गयात ना, दादा."

"रविना येनी शे."

"ती ते शेवटली. ती जाई बाजूथाईन."

"बाजूथाईन?" सुपडूचा आवाज असा चढला की मोबाइलजवळची माणसंही वळली. "मन्ही पोरकरता सकायपासून रस्ता झाडात तुम्ही. नि जी मन्ही पोरले चाक दी गयी, तिनी बाजूथाईन जावं? मांगे ले ट्रॅक्टर!"

ट्रॅक्टर मागे गेला. मोटारसायकली कडेला लागल्या. सुपडू एकेकाला खांद्याला धरून रस्त्यावरून हटवू लागला. ओट्यावरून शीला जिवाच्या आकांताने ओरडली, "अहो, या ना इकडे! मैदान उनं! रंजी दिसी ऱ्हायनी!"

सुपडूने एकदा मान वळवली. त्याला दिसली ती नुसती माणसांची पाठ. एक पोऱ्या सायकल घेऊन रस्ता ओलांडायला निघाला होता. सुपडू त्याच्यामागे धावला आणि त्याला कडेला नेऊन उभं केलं. मागे ओट्यावर आधी कालवा झाला, मग सगळे चिडीचूप, मग असा गोंगाट उठला की त्यातून एक शब्द कळेना. ते हसत होते की रडत होते हेही कळेना. ज्या क्षणासाठी त्याने सहा वर्षं पहाटे उठून पोरीच्या मागे मोटारसायकल चालवली, तो क्षण त्याच्या पाठीमागे चालला होता.

आणि वळणावर रविना दिसली. एकटी. तोंड उन्हाने आणि दमाने लाल झालेलं, पण पाय चालूच. ती गावात शिरली तेव्हा तिच्यासमोर धानोऱ्याचा रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा होता, आणि मधोमध फक्त सुपडू पाटील उभा होता. त्यालाच आठवलं तेव्हा तोही बाजूला झाला.

जवळून जाताना तिने ओरडून विचारलं, "काका, रंजीचं काय झालं?"

सुपडूला माहीतच नव्हतं. तो ओट्याकडे वळला आणि सगळा जीव एकवटून ओरडला, "अरे, सांगा ना तिले!"

"तिसरी!" शीला किंचाळली. मग सगळा ओटा, पायऱ्या, ट्रॅक्टरवाला, भिकुबाई, सगळे एका आवाजात ओरडले. "तिसरी! रंजी तिसरी उनी!"

आपली पोरगी आशियात तिसरी आली, हे सुपडूला आणि रविनाला एकदमच कळलं. सुपडू मटकन खाली बसला. रविनाने हँडलवरचे दोन्ही हात सोडले आणि मुठी आभाळाकडे नेल्या, तिनेच शर्यत जिंकली असावी तशा. सगळ्यांत शेवटची ती पोरगी हात वर करून धानोऱ्यातून गेली, आणि गावाने टाळ्या वाजवल्या त्या आधीच्या चारही फेऱ्यांत वाजवल्या नव्हत्या एवढ्या. बाज्याने रमिलाबाईचा हात धरला होता.

भिकुबाई म्हणाली, "ऊठ आते, सुपडू. जाऊ दे लोकेस्ले."

"थांब, जिजी," सुपडू म्हणाला, आणि उठून पुन्हा रस्त्यावर आला. ती गावाबाहेरच्या वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत त्याने कुणालाही रस्ता ओलांडू दिला नाही.